झीलकऱ्याची जागा

“मामा, कमी पैशात ह्योच बेस्ट. समोरचा गळा तेवढा घेतो, मागचा कालवा कापून टाकतो,” शाहिरांना म्हणत दुकानदारानं छोटा माईक संगणकाला जोडला.

मागं उभ्या गेनबाचे कान टवकारले. शाहिरांच्या पाठीमागं उभं राहून पोवाड्याला ‘जी जी रं जी’ची झील देण्यात त्याची हयात गेली होती. आता शाहीर घरीच संगणकावर पोवाडे भरणार, आणि माईक नेमका मागचं कापणारा! आपल्याला गोडीगुलाबीनं वगळायचा तर बेत नाही?

“गाऊन बघतो,” म्हणत शाहिरांनी पोवाड्याचा एक चौक उचलला. गेनबानं मागून जीव तोडून झील धरली. दुकानदारानं भरलेलं ऐकवलं. शाहिरांचा गळा लख्ख होता. रस्त्यावरच्या रिक्षा नव्हत्या, गेनबाही नव्हता.

“द्या हाच बांधून!” शाहीर खुशीत म्हणाले.

गेनबा चपला घालू लागला, तसा शाहिरांनी त्याचा दंड धरला. “निघालास कुठं, येड्या? मागं उभा राहून भागायचं नाही आता. ये, असा माझ्या शेजारी ये.”

शाहिरांनी पुन्हा सूर लावला. गाताना त्यांचे डोळे मिटतात, हे गेनबाला आज पहिल्यांदाच दिसलं.