नावाची भांडी

घंगाळाच्या काठावर कोरलेलं: सौ. शरयू.

संस्थान विलीन झालं. कचेरीचे कागद आधीच औंधाहून साताऱ्याला गेले. आता कारकून जातील.

हाक आली की एक श्वास थांबायचं.

साताऱ्याला दोन खोल्या. पाणी नळाचं. शेजार कसला, माहीत नाही.

तिथं आपल्याला कुणी ओळखत नाही.

हे शेवटचं वाक्य कारकून नारायणच्या बायकोचं. खोल्या मिळाल्याचं कळलं तेव्हापासून ती ते मनात घोळवत होती. आज सकाळी नारायण ओसरीवर सुतळीचा गुंता सोडवत बसला होता, तेव्हा तिनं ते नवऱ्याला म्हणून दाखवलं.

"मग?" त्यानं विचारलं.

"मग तिथं मला माझ्या माहेरच्या नावानं हाक मारा."

नारायणनं सुतळी खाली ठेवली. तीन वर्षांपूर्वी, लग्नात, तांदळाच्या ताटात अंगठीनं तिचं सासरचं नाव त्यानंच लिहिलं होतं. पहिली बायको जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पहिलीचंच नाव आईनं सांगितलं: शरयूच लिही. तोंडात बसलंय, भांड्यांवर आहे, पुन्हा कशाला कोरत बसायचं? मांडवात लोक हसले. त्यानं लिहिलं.

तेव्हापासून घरात कुणी शरयू म्हटलं की ती एक श्वास थांबते. पहिलीला जायचं असेल तर आधी जाऊ दे, म्हणून. मग उठते. आळीतल्या बायका अजूनही शरयूच्या हातच्या लोणच्याचं कौतुक करतात आणि तिच्याकडे बघून सावरतात: तू नव्हे गं.

"मनू," नारायण हळूच म्हणाला. जोडा पायात घालून बघावा तसं. मग त्यानं मागं वळून पाहिलं. "दुसऱ्याच्या बायकोला हाक मारल्यासारखं वाटतं."

"होईल सवय."

"आणि आईला?"

"तुम्ही सांगा ना."

त्यानं सुतळी पुन्हा हातात घेतली.

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला सासूबाई भांडी पुसून मांडत होत्या. हंडे, परात, घंगाळ, पाच तांबे. काय न्यायचं, काय मागं ठेवायचं ते त्या ठरवणार होत्या, आणि आतापर्यंत मागं ठेवायच्या बाजूला फक्त एक चेपलेला डबा होता. लॉरीवाला नाथाजी रहिमतपूरहून आला होता. तो परात गोणपाटात गुंडाळता गुंडाळता थांबला, कोरलेल्या अक्षरांवरून त्यानं अंगठा फिरवला.

"नावाची भांडी लय बरी, वैनी," तो तिला म्हणाला. "हरवली तरी माघारी येत्यात."

तिनं नारायणकडं पाहिलं. तो गाठ सोडवत होता.

"आई," ती स्वतःच म्हणाली, "भांडी सगळी न्या. पण साताऱ्याला मी मनू."

"कोण मनू?" सासूबाईंनी मान वर न करता विचारलं.

"मी."

"नाव म्हणजे काय जुनेर आहे, निघताना बोहारणीला द्यायला?"

"ते माझं नव्हतंच. ज्या आधी होत्या, त्यांचं त्यांना राहू द्या. इथं."

"इथं कुणाजवळ?"

तिनं एक हंडा नाथाजीकडं सरकवला.

"घराला कुलूप लागल्यावर तिला इथं हाक कोण मारणार?" सासूबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. भाजीत मीठ घातलंस का, असं विचारावं तसा. "तुला वाटलं, मी कोरणावळ वाचवली. दिवसभर शरयू, शरयू करते मी. त्यातल्या हाका तुला किती असतात, माहीत आहे तुला?"

"आई, अगं आता..." नारायण म्हणाला.

"तू सुतळी सोडव."

नाथाजीनं गोणपाट खाली ठेवलं. विडी ओढायला बाहेर जावं की काय, हे त्याला ठरवता येईना.

सासूबाईंनी शेवटचा तांब्या पुसला, उजेडात धरून पाहिला. मग रोजच्यासारखी, कामाची हाक मारली.

"शरयू."

ती एक श्वास थांबली.

मग आणखी एक.

नारायणनं तिच्याकडं पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं, आणि आपण तिकडं का पाहिलं ते न कळून नजर सुतळीत घातली. नाथाजीला या घरातलं काहीच ठाऊक नव्हतं. तोही दाराकडंच बघत होता.

आत चूल विझलेली होती. फळ्या रिकाम्या.

"हं, हा धर," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी तांब्या पुढं केला. सुनेकडं नाही. दाराकडं.

हात तसाच राहिला. सासूबाईंनी तांब्या खाली ठेवला नाही, कुणाकडं पाहिलं नाही. नुसत्या धरून राहिल्या, आतून कुणी हात पुसत पुसत येत असल्यासारख्या.

ती उठली नाही.

शरयू हे पहिलीचंही सासरचंच नाव होतं. माहेरी तिला काय म्हणत, ते औंधात कुणी कधी विचारलं नव्हतं.