रांगेतली आकडेबाई

“ओ बाई, रांग तिकडून आहे!”

आकडेबाई ओशाळली आणि मुकाट्याने शेवटी जाऊन उभी राहिली.

हे नाव तिला आरोग्य खात्याच्या ऑफिसात पडलं होतं. घरोघर फिरून कुणाच्या मुलाला जुलाब झाले ते विचारून यायच्या त्या इथल्या बायका. परदेशातून आलेली ही पोरगी आपली टेबलाशी बसून त्यांचे आकडे जुळवायची. पहिलीच नोकरी, तीन वर्षं. आई शेजारीपाजारी सांगायची, लेक संशोधन करते. धाकटा भाऊ फोनवर म्हणायचा, “एवढी शिकलीस आणि लोकांची शी मोजतेस!”

आज नोकरीचा शेवटचा दिवस. ओळखपत्र परत केलं, निरोपाचा केक खाल्ला आणि ती दुपारीच सुटली. घरी जायचं सोडून पाय या वस्तीकडे वळले. नकाशावर तिला इथलं घरन्‌घर पाठ होतं. आजारी मुलांचे लाल ठिपके एकाच विहिरीभोवती दाटलेत, हे पहिल्यांदा तिनेच पाहिलं होतं. “योगायोग असेल,” साहेब म्हणाले होते. तिने हेका सोडला नाही. पुन्हा मोजणी, पुन्हा पाण्याची तपासणी, तिसऱ्यांदाही तेच. शेवटी साहेबांनी अहवालावर सही केली.

प्रत्यक्षात मात्र ती इथे आज प्रथमच येत होती. विहिरीवर लोखंडी झाकण बसलं होतं. शेजारी चार नळ, आणि ही रांग.

“प्यायला चालतं ना हे पाणी?” तिने पुढच्या बाईला विचारलं. मघाशी ओरडली ती हीच. कडेवर पोर होतं.

“नवीन दिसता. बोलण्यावरूनच कळतं,” बाई आता मऊ झाली होती. “बिनधास्त प्या. पूर्वी त्या विहिरीचं प्यायचो. माझी थोरली त्यातच गेली.”

आकडेबाईच्या नकाशावर दगावलेल्या मुलांचे काळे ठिपके तीन होते. त्यातला एक हिच्या घरावर असणार.

“हा दीड वर्षाचा झाला. एकदाही पोट बिघडलं नाही याचं.”

“विहीर बंद कुणी केली?”

“कुणास ठाऊक! आम्ही बोंबलत होतो तेव्हा कुणी ढुंकून बघितलं नाही. मग एक दिवस आपली आपणच बंद झाली.”

‘मी’ असं आकडेबाईच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. पण ऊर असा भरून आला, की पाठ आपसूक ताठ झाली.

नंबर आला. “पाहुण्या आहात, आधी तुम्ही प्या,” बाई म्हणाली.

“छे, आधी त्याला.”

बाईने पेला भरून दिला, पोराने तो दोन्ही हातांनी धरला. घटाघटा प्यायलं. हनुवटीवरून पाणी पोटावर ओघळलं. रिकामा पेला त्याने पुन्हा पुढे केला.

“अरे, किती पिशील!” आई ओरडली.

“पिऊ द्या हो त्याला, हवं तेवढं,” घरच्या यजमानिणीने म्हणावं तशी आकडेबाई म्हणाली, आणि तिनेच नळ सोडला.