करंटचं बटण

शॉक लागून खांबावरून पडल्यापासून खापर गावच्या नवनीत वायरमनचं ब्लडप्रेशर गोळ्यांनीही पुरतं उतरेना आणि साहेब त्याला खांबावर चढू देईनात. नंदुरबारच्या दवाखान्यात रोहिणी डॉक्टरांनी त्याच्या मनगटात आणि गुडघ्याखाली अ‍ॅक्युपंक्चरच्या बारीक सुया टोचून त्यांना करंटच्या मशीनच्या वायरी जोडल्या. मशीन पाहून त्याला घाम फुटला. "ताई, माले करंटनं भ्याव वाटस." "मुंग्या येतीन इतलाच करंट शे. नसमाईन मेंदूले निरोप जास, मेंदू रगतन्या नळ्या ढिल्या सोडस. गोळ्या चालूच ठेवा," म्हणत त्यांनी मशीन त्याच्याजवळ सरकवलं. "बटण तुम्हनाच हातमा." नवनीतने श्वास रोखून बटण फिरवलं. बोटं उडू लागली, तरी त्याने करंट वाढवला. दर आठवड्याला तो येत राहिला आणि दिवाळीपर्यंत प्रेशर आटोक्यात आलं. साहेबांनी शिडी दिली. खांबाच्या टोकावरून त्याने अख्खं गाव पाहून घेतलं आणि पक्कड उचलली.