फणसावरचा दोर

घरावर झुकलेली फणसाची फांदी तोडायला लवू धुरी निघाला, तेव्हा बायकोने, शेवंतीने, हट्टाने त्याच्या कमरेला दोर बांधला. दुसरं टोक वरच्या जाड फांदीला बांधायला लावलं.

"मी काय बैल आहे?" लवू कुरकुरला.

फांदी निम्मी कापली आणि तांबड्या मुंग्यांचं घरटं फुटलं. मुंग्या लुंगीत शिरल्या. लवूने आधी कोयता फेकला, मग लुंगी, आणि त्या नाचात त्याचा पाय सटकला.

आरडाओरडा ऐकून अख्खी वाडी जमली. लवू पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत दोराला लोंबकळत होता.

"अगं, आधी या लोकांना घालव, मग मला उतरव!"

शेवंती अंगणात मटकन बसली.

"जिवंत आहात ना? मग बघू दे त्यांना!" म्हणाली, आणि रडता रडता खो खो हसू लागली.