पेन्सिलीचे तीन ठोके

मेकॅनिकच्या वडिलांनी जोडलेला काचेच्या ट्यूबांचा पहिला गिटार अँप्लिफायर आणि त्याने स्वतः काल पुरा केलेला नवा, दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी होते. गिटार मांडीवर घेऊन गिऱ्हाईक म्हणालं, "याला म्हाताऱ्याच्या अँपची सर नाही हो."

मेकॅनिकने दातओठ खाल्ले. "सर्किट तेच, ट्यूबा त्याच! सर कसली नाही?"

ट्यूब सैल आहे का बघायला, तुलनेसाठी आधी त्याने जुन्या अँपच्या ट्यूबवर पेन्सिल एकदाच आपटली. स्पीकरमधून तीन ठोके आले. काम चुकलं की वडील पेन्सिलीने त्याच्या डोक्यावर असेच तीन ठोके मारायचे. अर्थ एकच: उकल, पुन्हा कर.

"मेलात तरी पाठ सोडू नका माझी!" ओरडत त्याने भिंतीतले दोन्ही प्लग उपटले.

प्लग मुठीतच होते, आणि नव्या अँपमधून तीन ठोके आले.

"हां," गिऱ्हाईक खूश होऊन म्हणालं, "आता वाजला अगदी म्हाताऱ्यासारखा."