पाचवी ताटली

सकाळी दूधभात कालवून मी अंगणातल्या फरशीवर जर्मनच्या पाच ताटल्या ठेवतो, मुद्दाम जरा आपटूनच. कंबरेखाली लुळी पडलेली माझी बायको आतल्या कॉटवरून आवाज मोजते. मग हाक येते, "अहो, लंगडी आली का?"

"आली की! सगळ्यांच्या आधी."

लंगडी म्हणजे रस्त्यावरच्या त्या पाच मांजरांतली हिची लाडकी. गेल्या आठवड्यात आमच्या निफाडला पारा पाचावर उतरला, त्या सकाळी ती मला पायरीवर गारठून मेलेली दिसली. पेरूखाली पुरली, हात धुतले आणि हिच्यासाठी चहा टाकला. सांगणार कोणत्या तोंडाने? दोघी एकाच वर्षी अधू झालेल्या.

आज हिची पाठ शेकत होतो, तेव्हा ही भिंतीकडे बघत म्हणाली, "पाचवी ताटली रिकामी असते ना? भरलेलीचा आवाज बसका येतो."

शेकायची पिशवी माझ्या हातात तशीच राहिली. "कधी कळलं तुला?"

"पहिल्याच दिवशी. पण उद्याही ठेवा. 'आज पाठ दुखत नाही' असं मी रोज सांगते, तेव्हा तुम्हीही 'बरं' म्हणताच ना?"