कोठीत शिरण्याची रीत

"या घरची पद्धत मोडली, तर आकाश कोसळेल!" सासूबाई भागीरथम्मांनी स्वयंपाकघरातून गर्जना केली, आणि तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू गेलं.

सिरसीच्या त्या घरात लोणच्याच्या कोठीत शिरण्याआधी "येऊ का?" असं विचारून क्षणभर थांबावं लागे. आत कुणी राहत नव्हतं. सासरे याला वहिवाट म्हणत, नवरा शिरस्ता म्हणे. नवी सून शाल्मला मात्र सरळ खूळ म्हणे.

"अत्ते, न विचारता जाऊन आले, तर स्वयंपाकघर माझ्या हातात?" तिनं सासूला विचारलं.

"आलीस तर घे की, बाई."

शाल्मला पदर खोचून थेट आत शिरली. कोठीत गारवा होता. बरण्या ओळीनं उभ्या होत्या, सगळ्यांची फडकी घट्ट बांधलेली. तरी कुणीतरी कैरी चावत असल्याचा करकर आवाज येत होता. ती थांबली, तसा आवाजही थांबला.

आता मागे फिरणं म्हणजे हरणं. तिनं दात आवळून शेवटच्या बरणीकडे हात नेला.

बरणीमागे कुणीतरी घास गिळला.

"आलीच आहेस," अंधारातून आवाज आला, "तर वाटीभर दही आण गं. नुसतं लोणचं फार झोंबतं."